टूलची गाणी नागपूरच्या बँडनी कशी वाजवावीत?

मंद्र

टूल या बँडची गाणी वाजवायला घेणारी मुलं आपल्याकडे वाढली आहेत. कॉलेजचं गॅदरिंग, धरमपेठेतले कॅफे, कोणाच्या तरी घराची गच्ची, कुठे ना कुठे 'सोबर' नाहीतर 'स्किझम' कानावर येतंच. मला याचा मनापासून आनंद आहे आणि थोडी काळजीही आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला चौघांचा बँड. गायक मेनार्ड जेम्स कीनन, गिटारवर ॲडम जोन्स, ड्रम्सवर डॅनी केरी आणि १९९५ पासून बेसवर जस्टिन चान्सलर. 'अंडरटो' हा अल्बम १९९३ चा, 'एनिमा' १९९६, 'लॅटरॅलस' २००१, '१०,००० डेज' २००६ आणि त्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी 'फिअर इनॉक्युलम'. लांबलचक गाणी, विषम मात्रा, बेसने धून सांगायची आणि गिटारने तिच्याभोवती फिरायचं, हे सगळं अल्टरनेटिव्ह मेटल या रॉकच्या प्रकारातल्या पुढच्या कितीतरी बँडनी यांच्याकडून उचललं. २ ऑगस्ट २०१९ पर्यंत यांचे अल्बम स्ट्रीमिंगवर नव्हतेच. आमच्या वेळी ते पेनड्राइव्हवरून हातोहात फिरायचे. आता बारावीतल्या मुलाच्या फोनवर सगळं आहे.

आता काळजीचं. आपले बहुतेक बँड ही गाणी हुबेहूब वाजवायला जातात. गिटारचा तोच आवाज, तेच इफेक्ट, मेनार्डसारखाच श्वास. त्यात त्यांची सगळी ताकद जाते आणि समोरच्याला मूळ रेकॉर्डिंगची फिकट प्रत ऐकायला मिळते. मूळ तर त्याच्या खिशातच आहे! मग तो तिकीट काढून का येईल?

टूलने स्वतः दुसऱ्यांची गाणी कशी केली ते बघा. २००० साली आलेल्या 'सॅलिव्हल' या संचात लेड झेपेलिनचं 'नो क्वार्टर' आहे. ऐकताना ते टूलचंच गाणं वाटतं. त्याच संचात 'यू लाइड' आहे. ते पीच नावाच्या छोट्या इंग्लिश बँडचं. चान्सलर टूलमध्ये येण्याआधी त्या बँडमध्ये होता. म्हणजे जगभर स्टेडियम भरवणाऱ्या बँडने फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या बँडचं गाणं मानाने आपल्या मंचावर नेलं. जुलै २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला ब्लॅक सॅबथचा निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हाही त्यांनी सॅबथचं 'हँड ऑफ डूम' वाजवलं. कव्हर करणं कमीपणाचं मुळीच नाही. फक्त ते आपलं होऊन बाहेर यायला हवं.

माझं म्हणणं एवढंच: मात्रांचा हिशेब मूळचा ठेवा, बाकी सगळं तुमचं करा. तुम्हाला काय वाटतं?

सदरबझार

असहमत, आणि जोरात असहमत.

आधी हुबेहूब यायलाच हवं. 'स्किझम'ची बेसलाइन घ्या. ती डाव्या हाताच्या बोटांवर उभी आहे. तार छेडायची एकदा आणि पुढचे सूर बोट आपटून नाहीतर ओढून काढायचे. म्हणूनच ती इतकी सलग ऐकू येते. आमच्याकडचे बेसवाले प्रत्येक सूर उजव्या हाताने वाजवतात, सगळं खडखडायला लागतं, आणि विचारलं की सांगतात "ही आमची स्टाइल आहे". येत नाही म्हणून बदललं आणि येत असून बदललं, यातला फरक ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळतो.

मी इतकी वर्षं गिटार शिकवतो. ज्या मुलाने एक गाणं शेवटच्या सुरापर्यंत जसंच्या तसं बसवलं, तोच पुढे स्वतःचं काही करू शकला. ज्याने पहिल्या दिवसापासून "आपलं" केलं, तो अजून तिथेच आहे.

फुटाळा

सदरबझारना +१. आणि गिटारची सहावी तार ई वरून डी ला उतरवून घ्या म्हणून मी सांगून थकलो. यांची बहुतेक गाणी त्याच ट्यूनिंगमध्ये आहेत. सरळ ट्यूनिंगमध्ये वाजवायला गेलात तर 'सोबर'चा अर्धा दम तिथेच जातो.

पाऊणपट

मी तबल्याचा माणूस. पोरगा मेटल ऐकतो म्हणून ऐकायला लागलो आणि आता त्याच्यापेक्षा जास्त ऐकतो. मंद्र यांनी मात्रांच्या हिशेबाचा विषय काढला आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक बँड पडतात.

'लॅटरॅलस' या गाण्याचं सुरुवातीचं कामचलाऊ नावच ९-८-७ होतं. मुख्य रिफचे, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या धुनेचे, तीन तुकडे आहेत, पहिला नऊ मात्रांचा, दुसरा आठ, तिसरा सात. ९८७ हा फिबोनाची मालिकेतला (जिच्यात प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज असतो) आकडा आहे हे त्यांच्या नंतर लक्षात आलं, आणि मग कडव्यांतली अक्षरंही त्या मालिकेने बांधली गेली: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, आणि तशीच परत उतरत. इंटरनेटवर लोक या फिबोनाचीवरच थांबतात. वाजवणाऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे.

९ अधिक ८ अधिक ७ म्हणजे २४. आणि २४ म्हणजे आठ मात्रांच्या केहरवा तालाची तीन आवर्तनं.

कागदावर मांडून बघा. गिटारचे तुकडे पहिल्या, दहाव्या आणि अठराव्या मात्रेवर सुरू होतात. केहरव्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते पहिल्या, नवव्या आणि सतराव्या मात्रेवर. म्हणजे पहिली ओळ दोघं एकत्र उचलतात, दुसरी ओळ गिटार एक मात्रा उशिरा उचलते, तिसरीही एकच मात्रा उशिरा, आणि तिसरा तुकडा सातचा असल्यामुळे ती उशिराची मात्रा तिथे वसूल होऊन चोवीसनंतर दोघं परत समेवर भेटतात. हे एकदा हातात बसलं की नऊ, आठ, सात असं मोजत बसायची गरजच राहत नाही.

'स्किझम'चंही तसंच. पाच अधिक सात, एकूण बारा. सहा मात्रांच्या दादऱ्याची दोन आवर्तनं. इथे उलट होतं, गिटारचा दुसरा तुकडा सहाव्या मात्रेवर येतो आणि दादऱ्याची दुसरी सम सातव्यावर. म्हणजे गिटार एक मात्रा आधी. ते गाणं सतत पुढे ओढल्यासारखं का वाटतं ते इथे कळतं. (पुढे मधल्या भागात ते बरंच बदलतं, पण सुरुवात धरायला हे पुरतं.)

'राइट इन टू' मात्र अकरा मात्रांचं आहे. तिथे केहरवा-दादऱ्याची मदत नाही. रुद्रतालाचा ज्यांना सराव आहे त्यांनी हात घालावा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डॅनी केरी तबला शिकला आहे, आलोक दत्त यांच्याकडे. त्यामुळे आपण त्यांच्या संगीतात काही बाहेरचं घुसवतोय असा संकोच आपल्या मुलांनी ठेवू नये.

मंद्र

पाऊणपट, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला आणि लगेच वाजवून बघितला. दुसऱ्या ओळीची ती एक मात्रा! इतकी वर्षं हे गाणं ऐकतोय, तिथे काहीतरी मागे राहतंय एवढंच जाणवायचं.

ऑक्टोपॅडवाला

भाऊ, मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम असले की आमाले दम घ्याले फुरसत नसते, अन् नवरात्रात गरबा. केहरवा अन् दादरा हे आमचे चोवीस तासांचे. झोपेतून उठवलं तरी वाजवतो.

आमच्या वस्तीतल्या पोट्ट्यायचा बँड हाय. त्यायचा ड्रमर बंगलोरले नोकरीले गेला म्हणून मले बोलावलं. 'लॅटरॅलस' वाजवाचं म्हणे. पहिल्या दिवशी मी ऐकलं अन् म्हटलं, हे काही आपल्याच्यानं होत नाही. थे पोट्टे बोटावर मोजून राहिले, नऊ झाले, आठ झाले, अन् मधातच सगळे वेगळे.

मग मी मोजणं सोडलं. डाव्या पायानं हाय-हॅटच्या झांजांवर सरळ केहरवा धरला, बारीक, कोणाले ऐकू येऊ नये एवढा. अन् हातानं गिटारसंग गेलो. चौथ्या-पाचव्या खेपेले बरोबर समेवर आलो. पोट्टे म्हणे, काका कसं काय केलं? मले सांगताच येईना. पाऊणपट सरांनी आज लिहिलं तवा समजलं का मी काय करून राहिलो होतो.

आता त्या बँडमंदी मीच वाजवतो. वयानं सगळ्यायच्या बापाएवढा हाय, पण चालते.

विदर्भकन्या

ऑक्टोपॅडवाला काका, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. कार्यक्रम असला की इथे नक्की कळवा.

सदरबझार

काकांच्या हाताबद्दल आदरच आहे. पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. 'लॅटरॅलस'खाली केहरवा लावला की त्याचा ऑर्केस्ट्रा होण्याची भीती असते. आपल्याकडे "फ्यूजन" म्हणून जे चालतं ते मला ऐकवत नाही. गिटारवर रिफ, बाजूला तबला, मध्ये एखादी सरगम, झालं. टूलच्या गाण्यातला ताण हा समेवर कधी पोचतोय याची वाट बघायला लावण्यात आहे. ठेका ऐकू आला की तो ताण संपला.

पाऊणपट

सदरबझार, तुमची भीती रास्त आहे. पण काकांनी काय लिहिलं ते परत वाचा: "कोणाले ऐकू येऊ नये एवढा". ठेका हा वाजवणाऱ्याने आपल्या आत धरायचा आहे. श्रोत्याला तो द्यायचा नाही. गाणाऱ्यांना विलंबित एकतालात बारा मात्रा मनात धराव्याच लागतात, पण चांगला गवई त्या तुम्हाला मोजून दाखवत नाही.

आणि खरं सांगू का, क्लिक ट्रॅक (एकाच लयीत चालणारी टकटक) कानात लावून वाजवणाऱ्या बँडपेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. क्लिकला सम माहीत नसते. एकजण चुकला की क्लिक त्याला परत आणत नाही. पायात केहरवा असेल तर पुढच्या आठ मात्रांत माणूस घरी येतो.

षड्जपंचम

सगळे मात्रांवर बोलताहेत, मी आवाजावर बोलते. मी एका बँडमध्ये गाते. टूलची गाणी मुलीने गावीत का, हा प्रश्न मला दर कार्यक्रमानंतर कोणीतरी विचारतंच.

गावीत. न्यूयॉर्कचा ब्रास अगेन्स्ट नावाचा चमू आहे, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असा सगळा फुंकवाद्यांचा ताफा. त्यांनी टूलचं 'द पॉट' केलंय, गायिका सोफिया उरिस्टा. जरूर ऐका. या गाण्याची सुरुवात मेनार्डने इतक्या वरच्या पट्टीत केली आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दुसरं कोणीतरी गातंय असं वाटतं. उरिस्टा ते तिच्या पूर्ण गळ्याने गाते, मेनार्डचा बारीक सूर काढायला जात नाही. आणि बेस-गिटारचं वजन फुंकवाद्यांनी उचललंय. मंद्र म्हणतात तसं कव्हर म्हणजे हे. मात्रा जागच्या जागी आणि अंगाखांद्यावरचं सगळं नवीन.

अडचण खरी पट्टीची आहे. यांचे रिफ मोकळ्या सोडलेल्या खालच्या डी तारेवर बांधलेले असतात. गायिकेसाठी पट्टी बदला म्हटलं की गिटारवाले नाक मुरडतात, कारण मोकळी तार गेली की रिफचा घुमारा जातो. आम्ही यावर असा तोडगा काढला: पट्टी तीच ठेवली आणि मी कडवं खालच्या सप्तकात, बोलण्याच्या जवळ गाते. ध्रुपदाला वर जाते. 'सोबर'ला हे फार छान बसलं. 'द ग्रज'ला नाही बसलं. त्यात शेवटाकडे मेनार्ड एका श्वासात जवळजवळ पंचवीस सेकंद किंचाळतो, तिथे मी किंचाळत नाही. तेवढा वेळ एकच सूर आकारात धरते, हळूहळू उघडत. लोक श्वास रोखून बसतात. मला रियाजाने जे येतं ते मी तिथे ठेवलं.

अजून एक. मेनार्ड मंचावर पुढे येत नाही. मागे ड्रम्सच्या रांगेत, अंधारात उभा राहून गातो. आमच्या एका आयोजकांना हे मुळीच पटलं नव्हतं. "मॅडम, तुम्ही पुढे या, लोकांना दिसायला हवं." मी मागेच उभी राहिले. पहिल्या गाण्यानंतर लोक बघायचं सोडून ऐकायला लागले.

अंबाझरी

ताई, 'द ग्रज'चं रेकॉर्डिंग आहे का कुठे?

षड्जपंचम

फोनवरचं आहे, पण त्यात कूलरच जास्त ऐकू येतो.

फुटाळा

हा हा! कूलरचा विषय निघालाच आहे तर. नागपुरात मे महिन्यात सराव करणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही. पंचेचाळीस डिग्रीत बंद खोलीत चारजण, ॲम्प तापलेला. कूलर लावावा तर त्याचा घर्रर्र प्रत्येक माइकमध्ये. वर दमट हवेने गिटारचं ट्यूनिंग सरकतं. आमच्याकडे एकदा तबला होता, कूलरसमोर अर्धा तास ठेवला तर पुडी सैल पडून स्वर खाली आला. हातोडी मारून मारून चढवला, कूलर बंद केला, तर वीस मिनिटांत तोच वर चढून बसला.

आम्ही आता असं करतो: सराव पहाटे साडेपाच ते आठ. खिडक्यांना आतून गाद्या. शेजारच्या आजी आधी रागावायच्या, आता 'सोबर' सुरू झालं की चहा पाठवतात.

इंदोरा

जागेबद्दल कोणी लिहीलं नाही. आपल्याकडे मोठी सभागृहं चांगली आहेत, वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह. पण छोट्या बँडला ती भाड्याने घेणं झेपत नाही आणि शंभर माणसं तिथे हरवून जातात. कॅफेत जागा मिळते, पण दहा वाजले की आवाज बंद. दहाचा नियम मोकळ्या जागेसाठी आहे, बंदिस्त सभागृहाला तो तसाच लागू होत नाही, पण कॅफेचं अंगण म्हणजे मोकळी जागाच.

एका ठिकाणी आम्हाला वीस मिनिटं दिली होती. 'लॅटरॅलस' सव्वानऊ मिनिटांच्या वर जातं. दोन गाण्यांत कार्यक्रम संपला. तिसरं गाणं आमचं स्वतःचं होतं, ते राहिलं. त्याचं वाईट वाटतं.

धरमपेठकर

इंदोरा यांच्या शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचं आहे. आपण कव्हर करतोच का? इतका रियाज, इतकी पहाट, ती ताकद स्वतःच्या गाण्यावर का नाही? मुंबईच्या कोशिश या बँडचा 'फिरदौस' हा अल्बम २०१३ साली आला. हिंदीत, स्वतःची गाणी, आणि टूल ऐकून वाढलेल्या माणसाला लगेच जवळचं वाटेल असं संगीत. त्यांनी टूलकडून घेतलं आणि आपल्या भाषेत मांडलं. नागपुरात मराठीत असं कोण करतंय? वऱ्हाडीत कोण करतंय?

कव्हर वाजवणाऱ्यांवर माझा राग नाही. पण गॅदरिंगमध्ये टाळ्या 'स्किझम'ला मिळतात आणि त्या टाळ्यांची सवय लागते. मी ते स्वतःच्या मित्रांमध्ये बघितलंय. चांगलं लिहिणारी मुलं होती. आता कोणी लग्नात कीबोर्ड वाजवतं, कोणी काहीच वाजवत नाही.

मंद्र

धरमपेठकर, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण मला वाटतं आपण दोन्हींना एकमेकांसमोर उभं करायला नको. अमेरिकेत ओकीफ म्युझिक फाउंडेशन नावाची संस्था शाळकरी मुलांकडून गाणी बसवून घेते. त्यांनी 'फोर्टी सिक्स अँड टू' केलंय. ती मुलं बघा. ड्रम्सवरची मुलगी शेवटचा तुकडा वाजवताना तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते कुठल्याही शिकवणीत मिळत नाही. अवघड गाणं एकत्र बसवताना चार माणसं एकमेकांचं ऐकायला शिकतात. ऐकणं आलं की स्वतःचं गाणं लिहिता येतं. ऐकणं नसेल तर लिहिलेलं गाणंही चार जण चार बाजूंना नेतात.

उपाय एकच दिसतो, इंदोरांच्या बाबतीत जे झालं ते होऊ द्यायचं नाही. स्वतःचं गाणं आधी वाजवायचं, कव्हर नंतर. वेळ संपली तर कव्हर राहू दे.

ऑक्टोपॅडवाला

हे पटलं. पोट्ट्यायले सांगतो. त्यायचं एक गाणं हाय मराठीत, मिहानमंदी रात्रपाळी करणाऱ्या पोरावर. सात मात्रांचं. मीच म्हटलं रूपकात बांधा.

वकीलपेठ

कायद्याची बाजू कोणीच मांडली नाही, आणि विचारणा मला व्यक्तिगत निरोपातून येतात, तेव्हा इथेच लिहितो. व्यवसायाने वकील आहे, पण हा सल्ला सर्वसाधारण समजावा.

मंचावर वाजवणं: सार्वजनिक सादरीकरणाचा हक्क गीतकार-संगीतकाराचा. भारतात त्याचं शुल्क आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था गोळा करते आणि परवाना साधारणपणे जागेचा मालक किंवा आयोजक घेतो. बँडने फक्त विचारून ठेवावं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलती आहेत. शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी केलेलं सादरीकरण, प्रेक्षक तिथलेच विद्यार्थी, कर्मचारी, पालक असतील तर, उल्लंघन ठरत नाही. हौशी मंडळाने पैसे न घेता लोकांसमोर केलेला कार्यक्रमही त्यात येतो. बाहेरच्यांना तिकीट लावलं की ही सवलत गेली.

रेकॉर्डिंग: २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-सी आलं. मूळ गाणं ज्या वर्षी पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेल्याशिवाय या कलमाखाली कव्हर करता येत नाही. टूलच्या बाबतीत २०१९ चा अल्बमही आता त्या मुदतीबाहेर आला आहे. पण पुढची अट बघा: आधी नोटीस, आधी रॉयल्टी, आणि ती दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. छोट्या बँडला हे परवडणारं नाही. ऑनलाइन प्रकाशित करायचं असेल तर तुमचं गाणं स्ट्रीमिंगवर चढवणारी वितरण कंपनी कव्हरचा परवाना काढून देते का ते आधी विचारा, तो मार्ग स्वस्त आहे. यूट्यूबवर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचं उत्पन्न मूळ मालकाकडे वळतं.

आता मंद्र यांच्या "बाकी सगळं तुमचं करा" याबद्दल. मंचावर ठीक. पण ३१-सी खाली केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये शब्दांत किंवा चालीत मनाप्रमाणे बदल चालत नाहीत. आणि मराठी शब्द लिहून रेकॉर्ड करायचं असेल तर अनुवादाचा हक्क मालकाचा आहे, लेखी परवानगी लागेल.

विदर्भकन्या

म्हणजे षड्जपंचम ताईंनी किंचाळण्याच्या जागी आकार लावला तर?

वकीलपेठ

माझ्या मते तो गाण्याच्या सादरीकरणाचा भाग आहे, चाल तीच आहे. तेवढ्यावर कोणी तक्रार करेल असं वाटत नाही. रिफच्या मात्रा बदलल्या किंवा कडवं काढून टाकलं तर मात्र प्रश्न येऊ शकतो.

सदरबझार

हे वाचून एक गोष्ट लक्षात आली. कायदाही जवळपास माझ्याच बाजूने आहे. :)

पण गंभीरपणे सांगतो, या धाग्यामुळे मी माझ्या विद्यार्थ्यांना एक नवीन गोष्ट द्यायला लागलो. 'स्किझम' हुबेहूब वाजवा, आणि पाय दादऱ्यात ठेवा. दोघांना जमलं. तिसऱ्याचा पाय गिटारच्या मागे पळतो. त्याला आठवडाभर नुसता दादरा दिलाय, गिटार न घेता.

ताल ऐकू येऊ नये या मतावर मी ठाम आहे. आत असावा हे मान्य.

पाऊणपट

तिसऱ्याला माझ्याकडे पाठवा. लक्ष्मीनगरला रोज संध्याकाळी असतो.

इंदोरा

एक सुचवतो. टूलची गाणी वाजवणारे इथेच चार-पाच बँड दिसताहेत. वेगवेगळे वाजवण्यापेक्षा एक संध्याकाळ मिळून करू. प्रत्येक बँडने टूलचं एकच गाणं आणि स्वतःची दोन. छोटं बंदिस्त सभागृह घेऊ, म्हणजे दहाची घाई नाही. भाडं पाच ठिकाणी वाटलं की झेपेल. आयपीआरएसचं वकीलपेठ बघतील ना?

वकीलपेठ

बघतो. तारीख ठरण्याच्या आधी सांगा, नंतर नको.

षड्जपंचम

आम्ही आहोत. 'द ग्रज' आम्हाला द्या. नोव्हेंबर-डिसेंबर धरा म्हणजे कूलर लागणार नाही.

फुटाळा

'सोबर' आमचं. ॲम्प आणि ड्रमकिट आमचं वापरा सगळ्यांनी, सामान बदलण्यातच अर्धा कार्यक्रम जातो. फक्त स्नेअर आणि झांजा ज्याच्या त्याने आणाव्या.

ऑक्टोपॅडवाला

'लॅटरॅलस' आमचं. अन् पहिलं रात्रपाळीचं गाणं वाजवू, मंग टूल. डिसेंबरात सहा तारखेच्या आसपास ठेवू नका, आमी चैत्यभूमीले जातो.

धरमपेठकर

तिकीटविक्रीला मी उभा राहतो. आणि माझ्या जुन्या बँडमधल्या दोघांना फोन केला. कीबोर्डवाला येतो म्हणाला. बेसवाल्याने बेस विकला आहे. कोणाकडे जास्तीचा आहे का?

सदरबझार

माझ्याकडे आहे. तार बदलून ठेवतो. रविवारी येऊन घेऊन जा म्हणावं.